जिवावर उदार होणाऱ्यांचा हा खेळ नाही

मोटोक्रॉसवरून दोन माणसे वाद घालताना कधी ऐकली आहेत? विरोध करणारा म्हणतो, ही पोरे जिवावर उदार झालेली असतात, हातपाय मोडून घेतात, यात कसले आले करिअर! बाजू घेणारा म्हणतो, अहो, जिगर लागते त्याला, तुमच्या-आमच्या छातीत ती नाही. वाद तासभर चालतो, पण मूळ मुद्द्यावर आपले एकमत आहे हे दोघांच्याही ध्यानात येत नाही. भीती न वाटणाऱ्यांचा हा खेळ आहे, असे दोघेही धरून चाललेले असतात. ती निर्भयता एकाला माज वाटते आणि दुसऱ्याला पराक्रम, एवढाच फरक. मला वाद घालायचा आहे तो या एकमताशी. नाशिकसारख्या शहरात मोटोक्रॉसपटूची कारकीर्द उभी राहताना घर, पैसा, मैदान, सरकार असे जे जे आडवे येते, त्या सगळ्याच्या मुळाशी मला हेच एकमत दिसते.

नाशिकला हा खेळ परका नाही. राष्ट्रीय सुपरक्रॉस मालिकेच्या फेऱ्या इथे झाल्या आहेत. राष्ट्रीय अजिंक्यपद मालिकेतली ‘रॅली ऑफ महाराष्ट्र’ नाशिकच्या परिसरातल्या कच्च्या रस्त्यांवरून धावली आहे, दुचाकींच्या रॅलीही झाल्या आहेत. मैदानात मुरूम टाकून, जेसीबीने टेकाडे रचून, टँकरने पाणी मारून एका आठवड्यात ट्रॅक उभा राहतो आणि रविवारी तो बघायला गर्दी लोटते, हे नाशिककरांनी पाहिले आहे. मोटोक्रॉस म्हणजे साधारण दीड ते पावणेदोन किलोमीटरच्या, चढउतारांच्या नैसर्गिक जमिनीवरच्या ट्रॅकवरची शर्यत. सुपरक्रॉस हे तिचे आखूड भावंड, स्टेडियमात किंवा मैदानात रचलेले, उड्यांनी गच्च भरलेले. इंग्लंडमधल्या कॅम्बर्ली इथे 1924 मध्ये या प्रकारची पहिली शर्यत झाली असे मानतात. 1957 पासून तिचे जागतिक अजिंक्यपद आहे. म्हणजे शंभर वर्षांचा, नियमांनी बांधलेला खेळ आहे हा. कालपरवा मोबाइलवरच्या व्हिडिओंतून जन्मलेला नाही.

आता पूर्वपक्ष. तो दुबळा करून मांडण्यात अर्थ नाही, कारण तो मांडणारी माणसे आपल्याच घरातली आहेत. अंबडच्या कारखान्यात नोकरी करणारा, सिडकोत राहणारा बाप म्हणतो: माझ्या मुलाला गाडीचे वेड आहे हे मला दिसते. पण हा खेळ मोडतो तो हाडांनी. तिशीत तो संपतो. एक परदेशी गाडी घ्यायची तर माझ्या कित्येक वर्षांच्या बचतीला हात घालावा लागेल. जिंकला तरी बक्षिसात टायरचा खर्च निघत नाही. आणि यात मेहनत तरी कोणाची? पळते ते इंजिन. वर रस्त्यावर गाडी पिटाळायची चटक लागेल ती वेगळीच. या बापाला मूर्ख ठरवून पुढे जाणाऱ्या लेखांवर माझा विश्वास नाही. त्याच्या बोलण्यातले काही खरे आहे आणि ते खरे म्हणूनच घ्यावे लागेल. पण त्याने ज्या पायावर हे सगळे उभे केले आहे, तो पायाच चुकीचा आहे.

सुरुवात उडीपासूनच करू, कारण प्रेक्षकांच्या मनात ठसते ती उडी. टेकाडावरून गाडी सुटते, आठ-दहा फूट वर जाते आणि मंडपातून आरडाओरडा होतो. सगळ्यांत उंच उडणारा सर्वांत शूर, असा आपला समज. आता घड्याळ घेऊन बघा. गाडी हवेत असते तोवर मागच्या चाकाला जमीन नसते. जमीन नाही म्हणजे ओढ नाही, आणि ओढ नाही म्हणजे वेग वाढवता येत नाही. म्हणून निष्णात स्वार हवेत कमीत कमी वेळ राहायला बघतो. अमेरिकेच्या जेम्स स्टुअर्टने या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत एक तंत्र रूढ केले, त्याला ‘स्क्रब’ म्हणतात. टेकाडाच्या तोंडाशीच गाडी आडवी कलती करायची, उडीची उंची मारायची, बुटकी आणि लांब झेप घेऊन चाक लवकर जमिनीला लावायचे. आज जगातला प्रत्येक व्यावसायिक स्वार हे करतो. प्रेक्षक उंचीला टाळ्या देतात, निकाल मात्र बुटक्या उडीच्या बाजूने लागतो. हवेत हात सोडून कसरती करणारा फ्रीस्टाइल मोटोक्रॉस हा वेगळाच प्रकार, त्याचे गुण वेगळे, त्याचे खेळाडू वेगळे. व्हिडिओ त्याचे बघायचे आणि मत याच्यावर बनवायचे, असा घोळ आपण घातला आहे.

शर्यतीच्या दिवशी सकाळी ट्रॅकवर जाऊन बघा. इंजिने सुरू होण्याआधी स्वार पायी फिरत असतात. टेकाडाच्या उतरणीवर उभे राहून पावले मोजतात, वळणातल्या चरात बूट दाबून माती किती ओली आहे ते बघतात. दोन टेकाडांमधली जोड-उडी ठरावीक वेगालाच मारता येते. वेग कमी पडला तर मागचे चाक दुसऱ्या टेकाडाच्या कपाळावर आदळते. जास्त झाला तर उतरण सोडून सपाटीवर पडायला होते आणि मनगटे, घोटे तो धक्का खातात. हा वेग त्याला वळणातून बाहेर पडतानाच, किती गिअर आणि किती थ्रॉटल याच्या अंदाजाने साधायचा असतो. त्यातून आपली काळी माती. ती ओली झाली की टायरच्या गुटक्यांत बसते आणि चाक घसरू लागते. मुरूम पाणी पिऊन घट्ट धरतो. टँकर फिरून गेल्यावर पहिल्या दोन फेऱ्यांत पकड एक असते, ऊन चढल्यावर दुसरीच. मग एका जागी जमिनीचा अंदाज आला नाही तर स्वार ती जोड-उडी सोडून देतो, दोन लहान उड्या घेतो, अर्धा सेकंद गमावतो. ‘घाबरला’ असे मंडपातून कोणीतरी ओरडते. त्याने मात्र शर्यत वाचवलेली असते.

नियमही याच मताचे आहेत. पडलेल्या स्वारासमोर मार्शल पिवळा झेंडा हलवू लागला की त्या पट्ट्यात कोणाला ओलांडायचे नाही आणि उडीही मारायची नाही, चाके जमिनीवर ठेवून जायचे. मारली तर शिक्षा. ज्या खेळात संयम मोडल्यावर शिक्षा होते, त्याला निर्भयांचा खेळ कसे म्हणायचे?

बेल्जियमचा स्टीफन एव्हर्ट्स हा या खेळाचा सर्वांत मोठा विजेता मानला जातो: 10 जागतिक अजिंक्यपदे, 101 ग्रां प्री विजय. त्याची चाल पाहणाऱ्यांना सुरुवातीला तो हळू वाटायचा. वळणातही बराच वेळ उभा, हातांत घाई नाही, गाडी कुठे धडपडत नाही. इतर स्वार ज्या ठिकाणी ताकद उधळत, तिथे तो ती राखून ठेवी. 2006 हा त्याचा अखेरचा मोसम. त्या मोसमातल्या 15 पैकी 14 ग्रां प्री त्याने जिंकल्या, तेव्हा तो 33 वर्षांचा होता. बेदरकारपणे खेळणारा माणूस इतकी वर्षे उभाच राहू शकत नाही.

‘पळते ते इंजिन, माणूस नुसता बसतो’ हा आक्षेप सर्वांत सोपा आहे, पण तो इतक्या शिकलेल्या माणसांकडून ऐकला आहे की टाळता येत नाही. जागतिक स्पर्धेत एका दिवशी दोन शर्यती होतात, प्रत्येकी 30 मिनिटे अधिक दोन फेऱ्या. गाडीचे वजन सव्वाशे किलोच्या आतले, पण ती सरळ कधीच नसते. स्वार जवळजवळ सगळा वेळ फूटपेगवर उभा, गुडघ्यांनी टाकी आवळलेली, दर काही सेकंदांनी एक धक्का. फिनलंडमधल्या युव्हास्क्युला विद्यापीठाच्या संशोधकांनी स्वारांना उपकरणे बांधून मोजमाप केले आणि 2008 मध्ये प्रसिद्ध केले. शर्यतीच्या वेगाने चालवताना हृदयाचे ठोके कमाल मर्यादेच्या नव्वद टक्क्यांच्या वर राहतात, सलग, असे त्यात दिसले. पुढच्या हाताचे स्नायू फुगून बोटे बधिर होणे हा तर स्वारांचा रोजचा शत्रू. पॅडॉकमध्ये ‘हात पंप झाले’ असे म्हणतात ते हेच. तसे झाले की क्लच आणि ब्रेक दाबायला बोटांत बळ उरत नाही. म्हणून या खेळाडूंचा निम्मा सराव गाडीविना होतो: सायकल, धावणे, रोइंग, पोटापाठीचे व्यायाम. नाशिकने तर हे समजून घ्यायला सर्वांच्या आधी पुढे यायला हवे. 2015 मध्ये अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पुरी करणारे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे बंधू याच शहराचे. दमसास म्हणजे काय हे आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही.

इंजिनाचे श्रेय इंजिनाला द्यावे, पण त्या इंजिनाची निगा कोणाची? मोटोक्रॉसच्या गाडीला किलोमीटर दाखवणारा काटा नसतो, तासांचा मीटर लावतात. तिचे आयुष्य तासांत मोजतात. ठरावीक तासांनंतर पिस्टन बदलायचा, व्हॉल्व्हची फट तपासायची. एअर फिल्टर दर सरावानंतर धुऊन, वाळवून, तेल लावून बसवायचा, नाहीतर मुरुमाची भुकटी सिलिंडर खाऊन टाकते. सस्पेन्शन बसवण्याचे काम तर बघण्यासारखे असते. स्वार हेल्मेट, बूट, छातीचे कवच असा सगळा पोशाख घालून गाडीवर चढतो. एकजण हँडल धरून गाडी सरळ ठेवतो. दुसरा मागच्या चाकाच्या आसापासून मडगार्डवरच्या खुणेपर्यंत टेप लावतो. गाडी स्टँडवर, मागचे चाक अधांतरी असताना घेतलेल्या मापातून हे माप वजा केले की साधारण 100 ते 105 मिलिमीटर यायला हवे. ‘दादा, दोन मिलिमीटर जास्त बसतेय,’ असे मेकॅनिक म्हणतो आणि स्प्रिंगचे कडे अर्धा आटा फिरवतो. पुन्हा चढ, पुन्हा टेप. पाच-पाच मिलिमीटरच्या फरकाने गाडीचे वळण बदलते हे ज्याला कळते, त्याला आपण ‘बेफिकीर पोरगा’ म्हणतो.

रस्त्याचा मुद्दा. रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 मध्ये देशात 1,68,491 माणसे रस्ते अपघातांत मेली. त्यातली 44.5 टक्के दुचाकीवरची. हेल्मेट नसल्याने गेलेले 50,029. एकूण मृत्यूंपैकी सुमारे 71 टक्के अतिवेगाच्या खात्यावर. त्यातली तरुण मुले मोटोक्रॉसच्या ट्रॅकवरून रस्त्यावर आलेली नव्हती. आपण अठराव्या वाढदिवसाला, पुष्कळदा त्याआधीच, किल्ली हातात देऊन त्यांना पाठवले होते. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे हा मोटार वाहन कायद्याच्या 189व्या कलमाने गुन्हा आहे. अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केला तर 2019 च्या दुरुस्तीने आलेल्या 199अ कलमाखाली पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड आहे. बंदिस्त ट्रॅकवरची, मोटरस्पोर्टच्या राष्ट्रीय फेडरेशनच्या परवान्याची, रुग्णवाहिका उभी असलेली शर्यत ही यापासून पूर्णपणे वेगळी गोष्ट आहे.

इथे विरुद्ध बाजूचा एक भक्कम पुरावा मी स्वतःच मांडतो, कारण तो दडवणे बरोबर नाही. विल्यम्स आणि ओनील या अमेरिकी संशोधकांनी 1974 मध्ये परवानाधारक मोटारशर्यत चालकांच्या रस्त्यावरच्या नोंदी तपासल्या. त्या सामान्य चालकांपेक्षा चांगल्या नव्हत्या, उलट वाईट होत्या. म्हणजे कौशल्य आले की माणूस रस्त्यावर आपोआप शहाणा होतो, हा खेळाच्या समर्थकांचा लाडका दावा टिकत नाही. मी तो करणारही नाही. पण या अभ्यासाने आपल्या वादात सिद्ध काय होते? वेग हाताळण्याचे कौशल्य आणि वेगाविषयीची शिस्त या दोन वेगळ्या गोष्टी असून दुसरी मुद्दाम शिकवावी लागते, हे. मुलगा ट्रॅकवर गेला काय आणि न गेला काय, रस्त्यावर त्याला शिस्त लावणे हे काम आपल्याकडे राहतेच. ट्रॅक एवढेच करतो की त्या वेडाला रस्त्याखेरीज दुसरी जागा देतो, आणि आज आपल्याकडे ती जागाच नाही.

धोक्याबद्दल मी सौम्य शब्द वापरणार नाही. 2015 मध्ये डकार रॅली पूर्ण करणारे पहिले भारतीय सी. एस. संतोष 2021 च्या डकारमध्ये पडले, डोक्याला मार लागला, त्यांना औषधांनी बेशुद्ध ठेवावे लागले. त्याच्या आदल्याच वर्षी, जानेवारी 2020 मध्ये, हिरोच्या संघाकडून उतरलेला पोर्तुगालचा पाउलो गोन्साल्विस त्याच रॅलीत मरण पावला. वाळवंटातली रॅली ही मोटोक्रॉसपेक्षा निराळी, वेग आणि अंतर दोन्ही मोठे, पण तिथे पोहोचणारे बहुतेक स्वार मोटोक्रॉसमधूनच येतात आणि ट्रॅकवरही हाडे मोडतात. बाप म्हणतो ते खरे आहे. मात्र धोका मोठा आहे या विधानातून ‘म्हणून हा बेफिकिरांचा खेळ’ हे अनुमान निघत नाही. गिर्यारोहणात, खाणकामात, विजेच्या खांबावरच्या कामात धोका मोठा असतो आणि म्हणूनच तिथे दोर, शिट्टी, परवाना, वरिष्ठाची सही असते. मोटोक्रॉसमध्ये मानेचा पट्टा, पाठीचे कवच, नडगीपर्यंतचे बूट आणि शर्यतीआधीची स्क्रुटिनी म्हणजे तपासणी आहे ती याच कारणाने. धोक्याला सरळ सामोरे जाणारा धंदा बेफिकिरी परवडू देत नाही. ध्वनिक्षेपकावरून ‘मौत से खेळणारे जवान’ असे ओरडणारा निवेदक मला या खेळाचा विरोधकांइतकाच शत्रू वाटतो. त्याचे ऐकून जो पोरगा ट्रॅकवर येईल तो पहिल्या महिन्यात मोडेल, आणि त्याला पाहून दहा बाप आपली मुले परत नेतील.

राहिला पैसा, आणि कारकिर्दीचा प्रश्न. इथे पूर्वपक्षाची बाजू सर्वांत मजबूत आहे. कावासाकीची केएक्स 250 ही शर्यतीची गाडी घ्यायला 2024 मध्ये आठ लाखांच्या घरात रक्कम लागत होती, लहान मुलांच्या 65 सीसीच्या गाडीलाही तीन लाखांच्या वर. टायर, सुटे भाग, प्रवास, प्रवेशशुल्क वेगळेच. दुसरीकडे हिरो एक्सपल्ससारखी भारतीय गाडी तेव्हा दीड लाखाच्या आसपास मिळत होती आणि राष्ट्रीय मालिकांत भारतीय बनावटीच्या गाड्यांचे स्वतंत्र वर्ग आहेत. आपल्याकडचे कित्येक स्वार त्याच दाराने आत आले. तरी श्रीमंतांच्या मुलांना हा खेळ सोपा जातो, हे मान्यच करायला हवे. पण हा दोष खेळाच्या स्वभावात आहे का? क्लबची गाडी, क्लबचा ट्रॅक, क्लबचा प्रशिक्षक असता तर प्रत्येक बापाला स्वतंत्र गॅरेज उभे करावे लागले नसते. कुस्तीचा खर्चही एकट्या शेतकऱ्याला झेपला नसता. तिला तालमी होत्या आणि शाहू महाराजांसारखा आश्रयदाता होता.

कारकीर्द म्हणजे फक्त शर्यतीचे मानधन असे धरले तर भारतात ती मूठभरांचीच. टीव्हीएस आणि हिरो यांच्या कारखाना-संघांत मोजक्याच जागा. त्या जागांपर्यंत जाणारी वाट मात्र आता दिसते. केरळचा हरित नोहा राष्ट्रीय सुपरक्रॉसचे अजिंक्यपद पुन्हा पुन्हा जिंकत वर आला, आणि 2024 च्या डकारमध्ये एकूण अकरावा येऊन त्याने रॅली-2 हा वर्ग जिंकला. बेंगळुरूच्या ऐश्वर्या पिसे हिने 2019 मध्ये बाहा रॅलींचा महिलांचा विश्वचषक जिंकला. महाराष्ट्रात बघायचे तर पुण्याचे ऋग्वेद बारगुजे, युवराज कोंडे-देशमुख, पिंकेश ठक्कर ही नावे सुपरक्रॉसच्या निकालांत वर्षानुवर्षे आहेत. पुण्याचेच संजय टकले दुचाकीवरून सुरुवात करून मोटारींच्या रॅलीत गेले आणि 2025 मध्ये डकार क्लासिकपर्यंत पोहोचले. आशिष रावराणे व्यापारी जहाजावरचे अधिकारी. नोकरी सांभाळून, कोणत्याही कारखान्याच्या संघाविना ते 2020 आणि 2021 च्या डकारमध्ये उतरले. रावराणे यांचे उदाहरण मला फार महत्त्वाचे वाटते. समुद्रावरची नोकरी आणि वाळवंटातली रॅली एकाच माणसाने पेलली, तर तो माणूस उडाणटप्पू नक्कीच नसणार.

संतोष यांच्याकडे पुन्हा येऊ. बाप म्हणतो, तिशीत संपते. संतोष यांची कारकीर्द कोलारजवळच्या प्रशिक्षण ट्रॅकमध्ये आणि बिगरॉक या संघात पुढे चालू राहिली. 2024 मध्ये पुण्याच्या बालेवाडीतून सुरू झालेल्या इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगच्या पहिल्या मोसमात हाच संघ विजेता ठरला. रॉजर डी कॉस्टर हा 500 सीसीचा पाच वेळचा जगज्जेता. निवृत्तीनंतर अमेरिकी संघाचा व्यवस्थापक म्हणून त्याने केलेले काम त्याच्या विजयांइतकेच मोठे मानतात. आपल्या भागात तर संधी हाकेच्या अंतरावर आहे. केटीएमच्या गाड्या चाकणला बजाजच्या कारखान्यात बनतात, कावासाकीचा कारखानाही चाकणलाच आहे, वाहनांची चाचणी करणारी एआरएआय पुण्यात. सस्पेन्शन किती बसते ते पाठीच्या कण्याने सांगू शकणारा स्वार हा चाचणी विभागाला हवाच असतो. सातपूर-अंबडच्या वर्कशॉपांत लेथवर मायक्रॉनमध्ये काम करणारी माणसे आहेत. शर्यतीच्या गाडीला लागणारे सुटे भाग घडवायला आणखी काय हवे?

या कारकिर्दीचा खरा खून मात्र आपल्या एका समजूतदार वाक्याने होतो: ‘आधी डिग्री घे, मग काय ती शर्यत कर.’ नेदरलँड्सच्या जेफ्री हर्लिंग्सने पहिली ग्रां प्री जिंकली तेव्हा तो 15 वर्षांचा होता. पाचव्या-सहाव्या वर्षी 50 सीसी, मग 65, मग 85, अशी ही शिडी आहे. बंदिस्त ट्रॅकवर चालवायला रस्त्याचे लायसन्स लागत नाही. इंडियन सुपरक्रॉस लीगच्या पहिल्या मोसमात मुलांसाठी 85 सीसीचा वर्ग होता तो यासाठीच. बाविसाव्या वर्षी पदवी हातात घेऊन ट्रॅकवर येणारा मुलगा बारा-पंधरा वर्षे मागे असतो. ती उणीव भरून काढायला त्याच्याकडे एकच गोष्ट उरते: जिगर. आणि मग तो पडतो. म्हणजे जी बेफिकिरी आपण खेळाच्या माथी मारतो, तिला पुष्कळदा आपणच जन्म घातलेला असतो.

लॉमेल हे बेल्जियममधले एक छोटे शहर. तिथे वाळूचा एक कायमचा ट्रॅक आहे. त्या ट्रॅकसाठी जगभरचे व्यावसायिक स्वार आसपास घरे घेऊन राहतात. त्या शहरात काही शूरांची पैदास होत नाही. ट्रॅक आहे, म्हणून खेळाडू आहेत. आपल्या जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतने 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरमध्ये कांस्य मिळवले. तिच्या पायांत बळ आधीपासून होते, पण भोसला मिलिटरी स्कूलच्या मैदानावर विजेंदर सिंग यांच्यासारखा प्रशिक्षक मिळाला तेव्हा त्या बळाचे पदक झाले. मोटोक्रॉसमध्ये आपण उलट करतो. फेरीसाठी ट्रॅक रचतो, रविवारी टाळ्या वाजवतो, सोमवारी जेसीबी लावून टेकाडे सपाट करतो आणि वर्षभर सरावाला जागा नाही म्हणून मुले रस्त्यावर फिरतात.

सरकारला साहस झेपत नाही असेही म्हणता येत नाही. बैलगाडा शर्यतींसाठी राज्याने कायदा दुरुस्त केला, सर्वोच्च न्यायालयात लढा दिला आणि मे 2023 मध्ये घटनापीठाकडून तो वैध ठरवून घेतला. 2022 मध्ये दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा जाहीर केला, गोविंदांना विम्याचे कवच दिले. हे योग्यच झाले. मोटोक्रॉसला तर कायदाही बदलावा लागत नाही. केंद्र सरकारची मान्यता असलेली फेडरेशन आहे, आंतरराष्ट्रीय नियमपुस्तक आहे, मोटरस्पोर्टला 2019 मध्ये गौरव गिल यांच्या रूपाने पहिला अर्जुन पुरस्कारही मिळाला आहे. लागते ती जमीन, मुरूम, पाण्याचा टँकर आणि कायमचा एक प्रशिक्षक. नाशिक महापालिका, जिल्हा क्रीडा कार्यालय आणि इथल्या कारखानदारांच्या संघटना यांनी शहराबाहेरची, शेतीला निकामी अशी माळरानाची एक जागा एकत्र येऊन द्यावी, तिथे क्लबच्या चार-सहा गाड्या ठेवाव्यात आणि आठव्या वर्षापासून मुलामुलींना शिकवायला सुरुवात करावी, अशी माझी मागणी आहे.

आणि सिडकोतल्या त्या बापाला एक विनंती. मुलगा किंवा मुलगी मोटोक्रॉसचे नाव काढेल तेव्हा लगेच हो किंवा नाही म्हणू नका. फेडरेशनचा परवाना कोणत्या वर्गाचा घ्यायचा, शिकवणार कोण, आणि सकाळी धावायला किती वाजता उठायचे, एवढे विचारा. या तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्याच्याकडे असतील तर त्याला अडवू नका. नसतील तर रस्त्यावर चालवायलाही त्याला इतक्यात मोटरसायकल देऊ नका.